प्रतिकारशक्ती ‘वाढवून’ गाठ विरघळत नाही

सध्या एक संदेश जोरात फिरतोय : ‘कॅन्सर म्हणजे खालावलेली प्रतिकारशक्ती. ती वाढवा, पांढऱ्या पेशीच गाठ खाऊन टाकतील. केमोची गरज नाही.’ हे वाचून कुणी उपचार पुढे ढकलले, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. म्हणून एकेक विधान तपासू.

‘प्रतिकारशक्ती कमी, म्हणून कॅन्सर.’ अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत काही कॅन्सर जास्त आढळतात, हे खरं. पण एरवी ठणठणीत असलेल्या माणसालाही कॅन्सर होतोच.

‘लढणाऱ्या पेशी कमी पडतात.’ खरी मेख इथे आहे. कित्येक गाठींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर टी पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आतपर्यंत पोचलेल्या दिसतात. त्या असतात, पण निकामी केलेल्या. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. आपल्याच निरोगी ऊतींवर हल्ला होऊ नये, म्हणून तो हवाच. कॅन्सरची पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून नेमका तोच दाबून धरते. त्याहून वाईट म्हणजे, हल्ला करताना टी पेशी जो इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक संदेश सोडते, त्यामुळेच कॅन्सरपेशी हे प्रथिन आणखी बनवू लागते. शिवाय गाठ भोवतालचं ग्लुकोज फस्त करते आणि लॅक्टिक आम्ल साचवते, त्यामुळे टी पेशी आणखी दुबळ्या होतात. ही झुंज लांबली की टॉक्स नावाच्या प्रथिनामुळे टी पेशीतली कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, ही घडीच बदलते. पुरत्या थकलेल्या पेशी मग सहसा पूर्ववत होत नाहीत.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही घ्या.’ वाढवायचं नेमकं कुणाला? इतर टी पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशीही गाठीत ठाण मांडून असतात. आणि ब्रेक खरोखर सुटला, तर आतडं, फुप्फुस, थायरॉइड यांनाही सूज येऊ शकते. हा ब्रेक सोडवणारी औषधं देताना डॉक्टर वारंवार तपासण्या करतात त्या याचसाठी.

‘डॉक्टर शरीराची ताकद वापरतच नाहीत.’ साफ खोटं. जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये जाहीर केला. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक रोखून दाखवला. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. पीडी-१ रोखणारी औषधं २०१४ पासून वापरात आहेत. ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. ज्या गाठीत टी पेशी शिरलेल्याच नाहीत, तिथे बहुधा कमी चालतात. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर ती अनेकदा केमोच्या जोडीनेच दिली जातात.