बंदूक घरात आहे, पण कुणाच्या हातासाठी?

गेल्या आठवड्यात आमच्या पलीकडच्या मळ्यात रात्री चोर आले आणि तेव्हापासून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदुकीशिवाय दुसरा विषय नाही. कुणी म्हणतं बारा बोर, म्हणजे छर्ऱ्यांची लांब बंदूक, घ्या, कुणी म्हणतं पिस्तूल. बोलणारे सगळे पुरुष. आणि प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं, "आपण नसताना मंडळींना उपयोगी पडंल." मी त्या मंडळींपैकीच एक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांब होईल, पण ज्यांच्या घरात शस्त्र आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांनी पूर्ण वाचा.

आमचा खानापूर तालुका, विट्याच्या पुढं. इथली निम्मी घरं गलाईवाल्यांची. सोनं-चांदी गाळायचा धंदा, त्यामुळं कर्ता पुरुष कुठं तमिळनाडूत, कुठं बंगालमध्ये, कुठं पंजाबात. वर्षातून दोनदा घरी, एकदा यात्रेला आणि एकदा दिवाळीला. मागं मळ्यातल्या वस्तीवर कोण राहतं? सून, सासू आणि पोरं. घर तर लांबून दिसतं, दोन मजली, आणि गलाईवाल्याचं घर म्हणजे सोनं असणार असं चोरालाही वाटतं.

2019 च्या कार्तिकीला आबा, म्हणजे माझे सासरे, पंढरीला गेले होते. हे कोइमतूरला. रात्री दोनच्या सुमाराला कुत्रं भुंकायला लागलं आणि थोड्या वेळानं अचानक गप्प झालं. ते गप्प होणं मला आजही ऐकू येतं. मग गोठ्याच्या बाजूला पावलं. लाइट नव्हती. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "आबांची बंदूक काढ."

कपाटामागून दुनळी काढली. तोवर मी ती फक्त दसऱ्याला पूजेत बघितलेली. जड, जवळपास चार फूट लांब, दारातून वळवताना चौकटीला आपटली. आत्यांनी ट्रंकेतून तीन काडतुसं काढून दिली, पितळेवर हिरवट गंज चढलेली. आता ही घालायची कुठं? नळी मोडते हे माहीत होतं, पण कशी मोडते हे माहीत नव्हतं. मी अंधारात बोटांनी सगळीकडं चाचपत होते, इकडं दाब, तिकडं ओढ. माझा सहा वर्षांचा मुलगा माझ्या पुढ्यात उभा होता. मोठी मुलगी फोनवर फोन करत होती. शेवटी शेजारच्या मळ्यातले लोक बॅटऱ्या घेऊन ओरडत आले आणि चोर पळाले. मोटरीची केबल आणि दोन शेळ्या गेल्या.

चार दिवसांनी आबा आले. त्यांनी वरची कळ अंगठ्यानं उजवीकडं सारली, नळी मोडली, आणि तसेच खाली बसले. उजव्या नळीत काडतूस होतं. डुकरं मक्यात शिरतात म्हणून त्यांनी कधीतरी भरून ठेवलेलं आणि विसरलेले.

त्या रात्री माझं बोट कुठं कुठं फिरलं असेल आणि नळीचं तोंड कुणाकडं असेल, याचा हिशोब मी अजून करते.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन आलेत. त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "परवाना कुणाच्या नावावर हाय?" आबांच्या. "मग तू हात कसा लावलास?" परवाना माणसाला मिळतो, घराला मिळत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 3 तेच सांगतं. नवऱ्याच्या नावावरची बंदूक बायकोची होत नाही, सासऱ्याच्या नावावरची सुनेची होत नाही. ग्रुपवर "मंडळींना उपयोगी पडंल" म्हणणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? मालक कोइमतूरला आणि त्यांच्या परवान्याचं शस्त्र विट्यात बायकोच्या उशाशी, ही सोय नाही, तिला केसमध्ये अडकवायची तयारी आहे. तिनं वापरावं असं वाटत असेल तर अर्ज तिच्या नावानं करा. वय 21 पूर्ण पाहिजे, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. शस्त्र नियम 2016 आल्यापासून सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची चौकशी होते, शस्त्र कुठं आणि कसं ठेवणार हेही लिहून द्यावं लागतं.

मी केला अर्ज. चौकशीच्या वेळी एकानं विचारलं, "घरातले पुरुष असताना तुम्ही कशाला?" मी म्हटलं, पुरुष घरात नसतात म्हणूनच. आणि मी हे आज परत सांगते, कारण हा प्रश्न बाईला सरकारी माणसाआधी घरातच विचारला जातो. आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं. बायकांच्या हाताला हत्यार पेलत नाही, हे ऐकून घ्यायची माझी आता तयारी नाही. पेलत नाही ते दुसऱ्याच्या मापाचं हत्यार.

आणि मला खरं बोलायचंय ते या मापाबद्दलच.

परवाना आल्यावर आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं "ताईंसाठी" म्हणून एक छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर काढलं आणि ते यांच्या हातात दिलं. यांनी उलटसुलट बघितलं, वजन बघितलं, "छान आहे, हलकं आहे" म्हणाले. माझ्या हातात ते कुणीच दिलं नाही. मी मागून घेतलं. मामांनी सांगितलं होतं तसं आधी गोळ्यांची चक्री उघडून तिची सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघितलं, मग तोंड भिंतीकडं करून दुकानदाराच्या परवानगीनं चाप ओढला. पहिले चार-पाच वेळा ओढला गेला. दहाव्या वेळेपर्यंत मनगट थरथरायला लागलं आणि नळीचं टोक वर-खाली हलायला लागलं. रिकाम्या हत्याराची ही गत, तर भरलेल्याची काय?

2014 च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्यानं "निर्भीक" काढलं, खास महिलांसाठी म्हणून. 0.32 बोर, म्हणजे नळीचं माप इंचात, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. भावना चांगली होती, पण हलकं म्हणजे बाईला सोपं, हे गणित चुकीचं आहे. पर्समध्ये न्यायला हलकं बरं, चालवायला नाही. हत्यार जितकं हलकं तितका बार उडाल्याचा धक्का हाताला जास्त बसतो, आणि नळी जितकी आखूड तितका नेम चुकतो. मी घरासाठी घेत होते, पर्ससाठी नाही. म्हणून मी त्याहून जड, लांब नळीचं 0.32 रिव्हॉल्व्हर घेतलं. जड असल्यामुळं हातात स्थिर राहतं. मुठीचं माप बघितलं, बोटाचं पहिलं पेर चापावर सरळ बसतं का ते बघितलं. ते बसायला बोट ताणावं लागत असेल तर ते हत्यार तुमचं नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

पिस्तूल का नाही? 0.32 चं पिस्तूलही परवान्यावर मिळतं. सिनेमात दिसतं ते 9 एमएम आपल्याला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोर. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढायला जोर लागतो, त्याची युक्ती शिकता येते, ते माझं कारण नाही. माझं कारण दुसरं. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढलं की माणसाला वाटतं रिकामं झालं, पण एक राऊंड, म्हणजे गोळी, चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या घरात, राहिलेला असू शकतो. ज्या घरात उजव्या नळीत काडतूस विसरलं गेलं, त्या घराला हे नको. रिव्हॉल्व्हरची चक्री उघडली की सगळी घरं समोर दिसतात. भरलंय की नाही याबद्दल शंकाच राहत नाही. (दुकानात हेही विचारून घ्या: पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर, दोन्हींवर 0.32 लिहिलेलं असलं तरी काडतूस वेगळं असतं.)

मामांचं मत मात्र बारा बोरकडंच होतं, आणि त्यात तथ्य आहे. खांदा, दोन हात आणि गाल, चार ठिकाणी आधार मिळतो, म्हणून नेम धरायला ती सोपी. पण खांद्याला टेकवायचा दस्ता सरसकट पुरुषाच्या मापाचा असतो. माझ्या हाताला तो लांब पडतो, मग मी मागं रेलून उभी राहते आणि धक्का सगळा गळ्याच्या हाडावर येतो. दस्ता कापून मापाचा करून घेतला तर गोष्ट वेगळी. आणि एक गैरसमज काढून टाका, छर्रे खोलीभर पसरतात म्हणून नेम धरायची गरज नाही, हा. घरातल्या घरात बारा-पंधरा फुटांवर छर्रे तळहाताएवढ्याच जागेत जातात. नेम धरावाच लागतो. नाही लागला तर पत्र्याच्या भिंतीपलीकडं कोण झोपलंय, हा विचार आधी करावा लागतो.

हत्यार घेतल्यावर काम संपत नाही, खरं तर तिथं सुरू होतं. मामांनी मला परवाना येण्याआधीच एअर पिस्तुलावर शिकवायला सुरुवात केली होती. 0.177 बोर आणि छर्ऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या आतला असेल तर त्याला परवाना लागत नाही. गोठ्याच्या मागं मातीचा ढिगारा करून, त्यावर पुठ्ठा लावून, रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की पन्नास छर्रे. तीन महिन्यांत माझ्या हाताची थरथर गेली. रिव्हॉल्व्हरचा खरा सराव रेंजवरच. मळ्यात उसाकडं तोंड करून बार काढून बघतात त्यांना मी हात जोडून सांगते, उसात माणूस असतो, पाणी पाजणारा असतो. आणि तो सराव नव्हे, परवाना जायचं निमित्त आहे. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनं तर लग्ना-वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवलाय.

आता पोरं. माझा मुलगा सहाचा बाराचा झाला. भिंतीत बोल्टनं बसवलेली लोखंडी पेटी आहे, त्यात रिव्हॉल्व्हर, किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. पेटी कुठं आहे हे पोरांना माहीत आहे. लपवून ठेवलं की पोरं शोधतातच. त्यांना पेटी, किल्ली आणि कारण, तिन्ही सांगून ठेवलंय. दिवसा काडतुसं वेगळ्या कुलपात. रात्री मी एकटी असेन तर झोपायच्या आधी काय कुठं ठेवायचं हे ठरलेलं आहे, ते इथं लिहिणार नाही.

कायद्याचंही माहीत पाहिजे. पूर्वी भारतीय दंड विधान होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिच्या 34 ते 44 कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क मोठा आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हे त्यातच लिहिलंय. शेळी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे संरक्षण नव्हे. माझ्या दोन शेळ्या गेल्या तेव्हा माझ्या हातात हत्यार असतं आणि चालवताही आलं असतं, तरी मी ते चालवायचं नव्हतं. दार तोडून आत आला असता तर गोष्ट वेगळी.

आणि हत्यार घरात नसेल तेव्हा? 2024 मध्ये लोकसभेला आणि परत विधानसभेला आमच्याकडची शस्त्रं ठाण्यात जमा झाली. आठवडेच्या आठवडे पेटी रिकामी. म्हणून त्या चोरीनंतर पहिला खर्च आम्ही बंदुकीवर केला नाही. मागच्या दाराला लोखंडी जाळी, गोठ्यावर सोलरचा दिवा, एकाऐवजी दोन कुत्री, आणि शेजारच्या चार मळ्यांशी ठरवून ठेवलेलं, की फोनवर दोन मिस्ड कॉल आले की काही न विचारता निघायचं. 112 ला फोन मुलगीही करू शकते, तिला पत्ता पाठ आहे, गट नंबरासकट. रिव्हॉल्व्हर या सगळ्याच्या नंतर येतं.

ज्या बायकांना हत्यार हातात घ्यायचंच नाही, त्यांच्यावर ते लादू नका, हेही सांगते. माझ्या जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलं, "मला न्हाय जमणार, मला त्याची भीती वाटती." मी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. त्यांच्या घराला आम्ही भक्कम आतलं दार आणि आतून अडसर बसवला. भावजींनी आणलेला शस्त्राच्या परवान्याचा अर्ज तसाच परत ठेवलाय.

आबांची दुनळी अजून घरातच आहे. परवाना त्यांच्याच नावावर. आबा आता 78 चे, हात थरथरतो, तरी रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की कळ उजवीकडं सारून नळी मोडतात, दोन्ही छिद्रांतून दिव्याकडं बघतात, आणि मला मोठ्यानं सांगतात, "रिकामी हाय गं." मीही माझी चक्री उघडून, बघून, त्यांना ओरडून सांगते.

ग्रुपवर ज्यांनी विचारलं होतं की कुठलं घेऊ, त्यांनी रविवारी वस्तीवर या. मामा येणार आहेत, एअर पिस्तूल आहे, पुठ्ठे आहेत. येताना वैनींना घेऊन या. तुम्ही एकटे आलात तर मी काहीच सांगणार नाही.