ॲसिडिटीची गोळी ‘आजच बंद करा’? थांबा

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी किडनी जाते, विस्मरण होतं, कॅन्सर होतो, आजच बंद करा, खाण्याचा सोडा घ्या.

किडनी आणि विस्मरणाची भीती आली ती रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासांतून. पण या गोळ्या घेणारे बरेच जण मुळातच वयस्कर आणि आजारी असतात. दोष गोळीचा की आजाराचा, हे नोंदींवरून कसं ठरणार? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७,५९८ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून काहींना पॅन्टोप्राझोल, काहींना औषध नसलेली गोळी दिली आणि सुमारे ३ वर्षं लक्ष ठेवलं. किडनीचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, हाड मोडणं, कॅन्सर, कशातही ठळक फरक दिसला नाही. आतड्यांचा संसर्ग तेवढा वाढला, १ टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर. अर्थात ३ वर्षं म्हणजे १५ वर्षं नव्हेत. किडनीला अचानक सूज येणं क्वचित घडतं, आणि वर्षानुवर्षं गोळी घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. त्यासाठी रक्त तपासावं.

कॅन्सरच्या भीतीत बहुधा रॅनिटिडीन या ॲसिडिटीच्याच दुसऱ्या औषधाची सरमिसळ झाली आहे. कॅन्सरचा धोका असलेल्या एनडीएमए या घटकामुळे २०२० मध्ये अमेरिकेत बाजारातून काढायला लावलं ते औषध वेगळ्या गटातलं.

मेसेज ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही, ते नावापुढे ‘डी’ लावलेल्या कॅप्सूलचं. त्यात डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीवरचं औषधही असतं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपने २०१४ मध्ये ते साधारण आठवड्यापुरतंच वापरायला सांगितलं. आपल्याकडे लोक चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने घेतात. मला खरी काळजी याची वाटते.

आणि ‘आजच बंद करा’ हा सल्ला तर घातकच. अल्सरमधून रक्तस्राव झालेला माणूस ॲस्पिरिन घेत असेल, तर हीच गोळी त्याला पुढच्या रक्तस्रावापासून वाचवते. इतरांनाही एकदम सोडली की आम्ल उसळून येतं, मग वाटतं गोळीशिवाय जमतच नाही. सोड्यात भरपूर सोडियम, म्हणजे बीपी आणि हृदयरोगाच्या रुग्णांना वेगळाच ताप.

गोळी सुरू केलेलं कारण आता उरलंय का, हे डॉक्टरांना विचारा. उरलं नसेल तर ते डोस हळूहळू कमी करून देतील.