बच्चे मन के सच्चे, मामा मात्र कच्चा

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘बच्चे मन के सच्चे’ हे गाणे वर्षाआड तरी होतच असे आणि चौथीत असताना त्या नाचात मी तिसऱ्या रांगेत, डोक्याला पुठ्ठ्याची कळी बांधून उभा होतो. एवढ्याशा भांडवलावर ‘दो कलियाँ’ हा चित्रपट आपल्याला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे, असा माझा गेली तीस वर्षे समज होता. त्यामुळे ताईने रविवारी आपल्या आठ वर्षांच्या कन्येला आमच्याकडे सोडले, तेव्हा ‘मोबाईल ठेव, तुला एका लहान मुलीचा झकास सिनेमा दाखवतो,’ असे मी छातीठोकपणे जाहीर केले.

कृष्णन-पंजू या दिग्दर्शकद्वयाच्या १९६८ सालच्या या चित्रपटात लहान मुलगी आहे, एक सोडून दोन आहेत, हे खरे. परंतु त्या मुली जन्माला येण्यासाठी आधी त्यांच्या आईवडिलांचे जमावे लागते आणि हिंदी चित्रपटात ही काही पाच मिनिटांत उरकण्याची बाब नव्हे, हे माझ्या स्मरणातून साफ निसटले होते. पडद्यावर माला सिन्हा आणि विश्वजित रुसत होते, गात होते, पुन्हा रुसत होते.

‘मामा, मुलगी कधी येणार?’

‘अजून जन्मायची आहे.’

रवीचे संगीत आणि साहिरचे शब्द कानावर पडत असताना हा संवाद आमच्यात चार वेळा झाला. पाचव्या वेळी मेथी निवडत बसलेली माझी आई म्हणाली, ‘अगं, आधी त्याची सासू तर येऊ दे!’ निगार सुलतानाच्या रूपाने सासू आली, तिने लेकीच्या संसारात हात घातला आणि आईने मेथी बाजूला सारून खुर्ची पुढे ओढली. त्या घरात मेथी पुन्हा निवडली गेली ती रात्री नऊनंतर, माझ्या हातून.

अखेर गंगा आणि जमुना या जुळ्या बहिणी अवतरल्या, आईवडिलांच्या ताटातुटीमुळे एक आईकडे तर दुसरी वडिलांकडे वाढणाऱ्या. दोन्ही भूमिकांत बेबी सोनिया, म्हणजे पुढची नीतू सिंग. त्या काळी दुहेरी भूमिकेसाठी कॅमेऱ्याची अर्धी चौकट झाकून तीच फिल्म दोनदा चालवत असत, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले. मूळ कथा एरिख केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९४९ सालच्या कादंबरीतली, तिच्यावर हॉलिवुडने १९६१ साली चित्रपट काढला, मग तमिळमध्ये निघाला आणि मग हा, अशी वंशावळही उलगडू लागलो. ‘मामा, तू गप्प बस ना!’ असा आदेश मिळाला. शिवाय मुलींनी जागा बदलल्यावर कोणती कुठल्या घरात आहे, हे मला दर दहा मिनिटांनी भाचीलाच विचारावे लागत होते, त्यामुळे माझ्या विद्वत्तेचा भाव फारसा उरला नव्हता. एकदा तिने मला मुद्दाम चुकीचे उत्तर दिले आणि आईला डोळा मारला. तेव्हा नेमके ‘बच्चे मन के सच्चे’ चालू होते.

मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला. ‘हिला काय दाखवलेस तू?’ भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने वर्गात बाके, दप्तरे आणि नावे बदलून हजेरी दिली होती आणि बाईंनी दोघींना बाहेर उभे केले होते. मैत्रीण हिच्यापेक्षा वीतभर उंच असून तिला चष्मा आहे. दोघींत साम्य म्हणाल तर एवढेच, की त्या आठवड्यात दोघींचेही पुढचे दात पडले होते.