कोणते संग्रहालय बघावे?

प्रवासाला निघालेली मित्रमंडळी हमखास विचारतात, "शहरात दोनच दिवस आहोत, कोणकोणती संग्रहालये बघू?" माझे उत्तर बहुतेकांना रुचत नाही, कारण यादीतले सर्वांत मोठे नाव आधी बाजूला ठेवा, असे मी सांगतो. मोठ्या संग्रहालयांविषयी मला आकस नाही. पण दोन दिवसांच्या मुक्कामात ती बघून होत नाहीत, नुसती फिरून होतात.

पॅरिसचे लूव्ह्र घ्या. १७९३ मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात सुमारे ३५ हजार वस्तू मांडलेल्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे अर्धाच मिनिट थांबायचे ठरवले तरी २९० तास लागतील. साहजिकच सगळे जण मोनालिसाच्या दालनाकडे धावतात. मीही धावलो होतो. ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असे ते काचेआडचे चित्र मी पुढच्यांच्या उंचावलेल्या मोबाइलमधूनच जास्त पाहिले. गर्दीने बाहेर ढकलल्यावर मागे वळलो, तर समोरची अख्खी भिंत व्यापून वेरोनेसे या इटालियन चित्रकाराचे 'काना येथील लग्न' उभे होते. जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद असलेल्या त्या चित्रात शंभराहून अधिक माणसे आहेत, आणि दालनातल्या बहुतेकांची त्याच्याकडे पाठ होती. १५६३ मध्ये पूर्ण झालेले हे चित्र व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी काढले होते. साधू जेवायला बसत तेव्हा समोरच्या भिंतीवर लग्नाची पंगत रंगलेली असे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उतरवून पॅरिसला आणले.

तेव्हापासून माझी कसोटी ठरून गेली आहे. वस्तू आणि वास्तू एकमेकींसाठी घडल्या आहेत, अशी जागा त्या शहरात असेल तर मी आधी तिथे जातो.

लूव्ह्रमधून निघून त्वीलरी बाग ओलांडली की पलीकडच्या टोकाला ओरांजरी हे लहानसे संग्रहालय लागते. तिथे फ्रेंच चित्रकार मोनेच्या कमळतळ्याची आठ विशाल चित्रे दोन लंबगोल दालनांच्या वळत्या भिंतींवर लावलेली आहेत. दालनांची रचना ठरवण्यात खुद्द मोनेचा हात होता, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९२७ मध्ये खुली झाली. उजेड छतातून झिरपत येतो. मधल्या बाकावर बसलो असताना बाहेर ढग आला, तसा समोरच्या पाण्याचा निळा मंदावला आणि थोड्या वेळाने पुन्हा उजळला. पुस्तकातल्या छापील चित्रात हे कसे दिसणार?

लंडनमध्ये याच न्यायाने मी सर जॉन सोन यांचे घर सुचवतो. हे वास्तुविशारद १८३७ मध्ये वारले. त्याआधीच, १८३३ मध्ये, त्यांनी संसदेकडून कायदा करून घेऊन घर आणि संग्रह जसाच्या तसा राखण्याची तजवीज केली होती. चित्रांच्या छोट्या खोलीतल्या भिंतींना बिजागऱ्या आहेत. तिथला सेवक भिंत कपाटाच्या दारासारखी उघडतो आणि आतून चित्रांची आणखी एक रांग बाहेर येते. जागा पुरेना म्हणून एका माणसाने लढवलेली ती युक्ती पाहताना संग्राहकाचा स्वभावच कळतो.

राहिला थकव्याचा मुद्दा. बेंजामिन गिलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९१६ मध्येच 'संग्रहालयातील थकवा' या विषयावर लेख लिहिला होता आणि खालच्या फळीवरची वस्तू बघण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे लागते, याची छायाचित्रेच दिली होती. एका दिवसात दुसरे संग्रहालय गाठणाऱ्यांना हे पटायला छायाचित्रांची गरज पडू नये. (साप्ताहिक सुटीही आधी बघून ठेवावी: लूव्ह्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, पॅरिसमधलेच ओर्से संग्रहालय सोमवारी. बंद दारापुढे उभे राहण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.)

माझ्या नियमाला अपवाद एकच. ठरावीक एका वस्तूची मनापासून ओढ असेल, तर मोठ्या संग्रहालयात खुशाल जावे. लिप्यांचे वेड असलेल्या माणसाने ब्रिटिश म्युझियममधला, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला रोझेटा शिलालेख सोडून सोन यांच्या बिजागऱ्या बघत बसावे, असे मी म्हणणार नाही. तिथल्या कायमस्वरूपी संग्रहाला तिकीट नाही. तेव्हा अर्धा तास त्या एका दगडापुढे घालवावा आणि बाकीचे सारे तसेच ठेवून बाहेर पडावे.