जांघेतला हर्निया: ओपन की दुर्बीण? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू! तुमचं म्हणणं असं: दुर्बिणीने, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून, केलेल्या हर्निया ऑपरेशनवरचा माझा लेख म्हणजे शुद्ध जाहिरात. तुमच्या वडिलांचं ओपन, म्हणजे जांघेत चीर देऊन करायचं, ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, पुढे पंचवीस वर्षं ते शेतात राबले. मग तीन भोकांसाठी दुप्पट बिल का भरायचं? आणि हर्नियाची कमकुवत जागा झाकायला शरीरात 'प्लास्टिकची जाळी' कशाला?

आधी कबुली. 'तीन छिद्रं, दुखणं नाही' हे मी लिहायला नको होतं. दुखतं. ओपनपेक्षा कमी आणि थोडे दिवस, पण दुखतं. आत भरलेल्या वायूमुळे काहींचा खांदाही धरतो, ते तर मी गाळलंच.

वडिलांबद्दल तुमचं पटलं. एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर ओपन आजही उत्तम. जागेपुरती भूल देऊनही होतं. हृदय-फुप्फुसाचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती केवढी सोय! जाळी शिवून झाली की मी टेबलावरच्या आजोबांना म्हणतो, "आता जोरात खोका." ते खोकतात आणि जाळी टिकते की नाही ते समोर दिसतं. दुर्बिणीत पेशंट गाढ झोपलेला, खोकणार कोण?

तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा देतो. २००४ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली, ओपन आणि दुर्बिणीची तुलना करणारी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत हर्निया पुन्हा आला तो दुर्बिणीनंतर १०.१ टक्के जणांना, ओपननंतर ४.९ टक्के. पण पहिल्यांदाच झालेल्या हर्नियात, ज्या सर्जनांच्या हातून दुर्बिणीच्या २५० हून जास्त शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्यांच्याकडे दुर्बिणीचा आकडा निम्म्याच्या आसपास उतरला. म्हणजे दोष दुर्बिणीपेक्षा कच्च्या हाताचा. कामच तसं आहे: पोटाच्या आतला पातळ पडदा भुईमुगाच्या दाण्याच्या सालासारखा न फाडता सोडवायचा, मग दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी विडीसारखी गुंडाळून नळीतून आत सारायची आणि तिथे उलगडायची. खिडकीबाहेर उभं राहून दोन काठ्यांनी खोलीत चटई अंथरून बघा! तेव्हा सर्जनला भोकं किती हे विचारू नका, आजवर किती केल्या ते विचारा.

पण 'सगळंच ओपन करा' हे मला मान्य नाही. ओपननंतर हर्निया परत आला तर पुढून जुन्या व्रणातून वाट काढावी लागते. दुर्बिणीने मागून, म्हणजे पोटाच्या आतल्या बाजूने, गेलं की कोरी जागा मिळते. बायकांमध्ये मांडीच्या शिरेलगतच्या छिद्रातला हर्निया पुढून नजरेतून सुटू शकतो. आतून तीही जागा दिसते आणि तीच जाळी तिलाही झाकते.

जाळीचं म्हणाल तर ती ओपनमध्येही बसवतात, त्यामुळे तो राग दुर्बिणीवर काढू नका. जाळीच नको असणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. देसरडांची पद्धत आहे, पेशंटच्याच पोटाच्या आवरणाची पट्टी वापरून. आणि जाळी महाग, ही तक्रार धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी केव्हाच निकालात काढली. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. लोक हसले असतील! २०१६ साली युगांडातल्या एका चाचणीत ३०२ पुरुषांवर तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परतला, महाग गटात एकाचाही नाही. हा फरक नगण्य.

आता शेवटी तुम्ही सहज लिहिलंय ते. तुमच्याही डाव्या जांघेत दोन महिन्यांपासून फुगा येतो आणि आडवं झालं की आत जातो. घाबरू नका, त्रास नसेल तर पुरुषांना थांबता येतं. पण फुगा आत जाईना, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.

आणि तपासायला जाल तेव्हा उजवी बाजूही बघायला सांगा. तिकडेही फुगा निघाला तर ओपनमध्ये दोन चिरा पडतील; दुर्बिणीत त्याच तीन भोकांतून दोन्ही बाजू होतात. मग दुप्पट बिलाचा हिशेब पुन्हा मांडू.