‘लगेच’ हलकं वाटत नाही

एका लेखात म्हटलंय, मनातलं लिहून काढा, लगेच हलकं वाटेल. त्या ‘लगेच’वर माझा आक्षेप आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस १५-१५ मिनिटं लिहिलं. मनातली जुनी जखम लिहिणारे लिहून झाल्यावर उलट जास्तच खिन्न होते. पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या.

माझंही तसंच. आई गेल्यावर किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले. दोन दिवस नुसतं रडणं, शाई फुटून अक्षरं पसरलेली. तिसऱ्या दिवशी लिहिलं गेलं, ‘मला परत गाणं शिकायचंय.’ लिहीत होते आईबद्दल हो! त्याच वहीत पुढे तूरडाळीचा हिशोब आहे.