सॉफ्टवेअर असे निवडावे, की रेकॉर्डिंग करावेच लागू नये

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते आणि तिचे नवे गाणे त्याआधी यूट्यूबवर यावे, अशी तुमची इच्छा आहे. गायिका धुळ्यात, ढोलकीवाला शहाद्यात, कीबोर्ड वाजवणारा नोकरीपायी चिंचवडला आणि लॅपटॉप घेऊन तुम्ही जळगावात. चौघांनी एकाच वेळी आपापल्या घरून गायचे-वाजवायचे, ते तुमच्या लॅपटॉपवर टिपायचे आणि खर्च शक्यतो होऊ द्यायचा नाही, एवढाच प्रश्न आहे. तो घाईने सोडवू नये. योग्य सॉफ्टवेअर मिळाल्याखेरीज गाण्याला हात लावायचा नाही, असा पण एकदा केला, की आषाढ, श्रावण आणि पुढचे सारे सणवार निर्विघ्न पार पडतात.

पहिला निकष अर्थातच किमतीचा. जे राजरोस फुकट मिळते, त्याच्याकडे संशयाने पाहावे. आवाज टिपण्याची ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ती घडवली आणि तिचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो. इतकी उघडी वस्तू चांगली कशी असेल? तरीही ती घ्यायचीच झाली, तर नेमकी चौघांच्या सत्रासाठी घ्यावी, कारण ती एका वेळी एकाच उपकरणातून आवाज टिपते. म्हणजे एक तर तुमचा माइक तरी येईल, नाही तर पलीकडचे तिघे तरी येतील, आणि यांतले काय सोडायचे यावर चौघांत एक आठवडा सहज निघेल.

महागडे सॉफ्टवेअर मात्र चोरून मिळवले की परवडणारे होते, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. ते ओळखीतल्या एखाद्या मुलाच्या पेनड्राइव्हवरून घ्यावे. बसवताना अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना येते, ती निःशंक मनाने पाळावी; ज्या अज्ञात सज्जनाने हजारोंची वस्तू आपल्याला फुकट दिली, तो आपल्या बँकेच्या पासवर्डकडे कशाला पाहील? याच्या उलट रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा व्यवहार फारच संशयास्पद आहे. ते ६० दिवस काहीही हातचे न राखता वापरू देते, मुदत संपल्यावरही बंद पडत नाही, उघडताना तेवढी पैसे राहिल्याची आठवण करून देते आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला देते. दिवसही साठ आणि डॉलरही साठ, यात काही तरी काळेबेरे असणारच. शिवाय हळदीच्या एका रात्रीसाठी डीजेला बयाणा देणाऱ्या माणसाने सॉफ्टवेअरला पैसे मोजले, हे चार लोकांत सांगायचे कसे?

आता विलंबाकडे, म्हणजे एकाने वाजवलेले दुसऱ्याला उशिरा ऐकू येण्याकडे, वळू. तो सर्वस्वी सॉफ्टवेअरचाच दोष आहे, असे धरून चालावे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे साडेआठ मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याची थाप कानी पडायला २५ मिलिसेकंद लागतात. आणि ठेका सांभाळून एकत्र वाजवायचे, तर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा उशीर झेपत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा जळगाव ते पुणे हे चारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर त्याला दोन मिलिसेकंदांचे. मग बाकीचा उशीर येतो कुठून, ही चौकशी चुकूनही करू नये, कारण ती हिंडूनफिरून तुमच्याच टेबलापाशी येऊन थांबते. तेथे ब्लूटूथचे हेडफोन असतात आणि ते एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात. तेथे बफर, म्हणजे आवाज पुढे धाडण्याआधी लॅपटॉप साठवून धरतो तो घास, १०२४ नमुन्यांवर ठेवलेला असतो. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, त्याचे २१ मिलिसेकंद होतात, आणि १२८ वर आणला तर तीनच्या आत येतात, पण त्यासाठी सेटिंगचे पान उघडावे लागते. राउटर दोन खोल्या पलीकडे, देव्हाऱ्यामागे टांगलेला असतो, आणि घरात वायफाय असताना पाच मीटर केबल विकत आणणे हा वायफायचा अपमान आहे. या तिन्ही गोष्टींना हात न लावता दर आठवड्याला सॉफ्टवेअर बदलत राहावे. उशीर तसाच राहतो आणि आपण प्रयत्नांची शिकस्त केल्याचे समाधानही मिळते.

सत्रासाठी झूमची फुकट खोली घ्यावी. तिला ४० मिनिटांची मर्यादा आहे, आणि त्यांतली निम्मी ‘भो, आवाज येस का?’ यातच जातात, त्यामुळे गाणे अंगावर येत नाही. संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची एक सोय तिच्यात आहे. ती बंदच राहू द्यावी. मग झूमला माणसाचे बोलणे तेवढे खरे वाटते, आणि कीबोर्डवर लांब धरलेला सूर पंख्याची घरघर समजून ते हळूहळू पुसून टाकते. चिंचवडचा गडी जीव तोडून वाजवतो आहे आणि धुळ्याला शांतता आहे, असा प्रसंग मग वारंवार येतो. दोष दोघांपैकी कोणाला द्यायचा, हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

जॅम्युलस आणि सोनोबस ही दोन नावे कोणी सुचवली, तर विषय बदलावा. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही दुरून एकत्र वाजवण्यासाठीच बनवलेली आहेत, आणि जॅम्युलसचा सर्व्हर प्रत्येक वादकाचा आवाज वेगळ्या फाइलीत टिपू शकतो. नेमके हेच तुम्हाला हवे होते, म्हणून यांच्यापासून सर्वाधिक सावध राहावे. एक तर ती वायरचे इंटरनेट आणि वायरचे हेडफोन मागतात. दुसरे म्हणजे ती चालली, तर पुढे वाजवावे लागते. रीपरसोबत येणारे निंजॅम तर आणखी निराळे. ते उशीर लपवण्याच्या भानगडीतच पडत नाही. इतरांनी मागच्या आवर्तनात वाजवलेले तुम्हाला या आवर्तनात ऐकवते आणि तुम्ही त्यावर वाजवत राहता. (आमच्याकडच्या काही भजनी मंडळांना ही पद्धत संगणक यायच्या आधीपासून अवगत आहे.)

पहिली तालीम वैशाखात, भर दुपारी ठेवावी. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. कूलर चालू ठेवला तर तो गाण्यात शिरतो, आणि बंद केला तर लॅपटॉपचा पंखा शिरतो. लॅपटॉप गोधडीवर ठेवला, तर तो तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून तडतड ऐकू येते, तिला हलगी म्हणून खपवता येईल का, हे पाहावे. भुसावळशेजारी दीपनगरला वीज तयार होते, तेव्हा ती आपल्या घरी असणारच, अशा भरवशावर जुनाट बॅटरीनिशी काम करावे. ओबीएस या पडदा आणि आवाज टिपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीचा साधा एमपी-४ प्रकार निवडावा. मध्येच वीज गेली, तर त्या फाइलीचा शेवट लिहायचा राहतो आणि ती पुन्हा उघडतच नाही. एमकेव्ही प्रकारात तोवरचे सगळे शाबूत राहते, आणि मग ते ऐकावे लागते.

एवढे करूनही एक धोका उरतोच, तो शहाद्याच्या ढोलकीवाल्याचा. या माणसाला सॉफ्टवेअरची नावे ठाऊक नसतात. तुम्ही पूर्वी कधी तरी पाठवलेली कच्ची चाल तो एका फोनवर इअरफोन लावून ऐकतो, चार मात्रा मोजतो, ढोलकी दुसऱ्या फोनवर टिपतो आणि ती फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून देतो, म्हणजे वाटेत तिची काटछाटही होत नाही. गायिकेला आणि चिंचवडच्या गड्यालाही त्याने हेच सांगितले, तर सारे मुसळ केरात. तेव्हा त्याला तत्काळ समजवावे, की दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास इतका जरी फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदांची तफावत पडते आणि व्यावसायिक कामात हे मुळीच चालत नाही. गाणे पाच मिनिटांचे आहे, त्यात ही तफावत १५ मिलिसेकंद, म्हणजे पाच मीटरवर बसलेल्या वादकाइतकी होते, हा हिशेब त्याच्यापुढे मांडू नये. फाइल न उघडता तिला अंगठा पाठवावा आणि या आठवड्यात नवीन काय निघाले आहे, ते शोधायला बसावे.